वादळानंतरचा फोन: किनाऱ्यावरच्या आपल्या माणसांचं मन बडोद्यातून कसं सांभाळावं

३ जून २०२० ला दुपारी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा आम्ही बडोद्याच्या अकोटा भागातल्या घरी टीव्हीसमोर बसून होतो. माझं आजोळ श्रीवर्धन तालुक्यातलं. करोनामुळे जाणं शक्य नव्हतं, आणि फोन लागत नव्हता. मामाचा आवाज ऐकू आला तो पाचव्या दिवशी, तोही रेंज शोधत तो टेकडीवर चढला म्हणून.

"सगळ्या पोफळी झोपल्या," तो म्हणाला.

मी म्हटलं, "अरे मामा, जीव वाचला हे काय थोडं आहे? झाडं काय, परत लावता येतील."

पलीकडे क्षणभर काहीच नाही. मग, "हो रे, बरोबर आहे. बॅटरी कमी आहे, ठेवतो."

दुसऱ्या दिवशी आईने फोन घेतला. ती त्याच वाडीत वाढलेली. तिने एवढंच विचारलं, "विहिरीकडच्या रांगेतल्या किती उभ्या आहेत?" मामा वीस मिनिटं बोलत होता. अकरा उभ्या होत्या. दोन वाकल्या होत्या पण मुळं धरून होत्या. आजोबांनी लावलेला पाणंदीकडचा नारळ घराच्या कौलांवर पडला होता. आईने एकदाही "काळजी करू नकोस" म्हटलं नाही.

पोफळ म्हणजे सुपारीचं झाड. ते लावल्यावर पीक हाती यायला सहा-सात वर्षं लागतात, आणि मामा तेव्हा अडुसष्ट वर्षांचा होता. "परत लावता येतील" याचा त्याच्या कानांना काय अर्थ लागला असेल, हे मला बऱ्याच उशिरा कळलं.

बडोद्यातल्या कितीतरी मराठी घरांचं मूळ कोकणात आहे. गावी कुणी ना कुणी असतंच. अरबी समुद्र पूर्वीसारखा राहिलेला नाही. पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी १९८२ ते २००० आणि २००१ ते २०१९ हे दोन काळ ताडून पाहिले, तर दुसऱ्या काळात या समुद्रातली चक्रीवादळं ५२ टक्क्यांनी वाढलेली दिसली. निसर्गनंतर वर्षही पुरतं झालं नव्हतं, तोच मे २०२१ मध्ये तौक्ते किनाऱ्याला घासत वर गुजरातकडे आलं. म्हणजे हे फोन आपल्याला पुन्हा करावे लागणार आहेत. ते नीट कसे करायचे, आणि फोनच्या आधी-नंतर काय करायचं, ते मी चुकत चुकत जे शिकलो त्या क्रमाने लिहितो आहे.

अक्षय्य तृतीयेपासून मृगापर्यंत

वादळाच्या आधीचा महिना मोलाचा. या दिवसांत गावी एकदा सावकाश फोन करून चार गोष्टी ठरवून घ्या.

एक, निरोपाचा माणूस. संकटात तीस नातेवाईक तीस वेळा फोन करतात आणि गावाकडच्या फोनची बॅटरी संपवतात. त्यापेक्षा गावाबाहेरचा एकच माणूस ठरवा. गावाने त्यालाच कळवायचं, बाकी सगळ्यांनी त्याला विचारायचं. आमच्याकडे ते काम माझ्या बहिणीकडे आहे, कारण ती फोन उचलते. (मी उचलत नाही, हे घरात सगळ्यांना माहीत आहे.) कॉल लागत नसला तरी साधा एसएमएस कधी कधी निसटून जातो, म्हणून मजकूरही ठरलेला असू द्या: "शाळेत आलो, सगळे ठीक."

दोन, औषधं. रक्तदाब आणि साखरेच्या गोळ्या सगळ्यांना आठवतात. मनाच्या आजाराच्या आणि फिटच्या गोळ्यांबद्दल घरात बोललंच जात नाही, आणि त्या अचानक तुटल्या तर त्रास दुपटीने उसळतो. महिनाभराचा साठा, डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो, आणि गोळ्यांची नावं निरोपाच्या माणसाकडे.

तीन, कागद. सात-बारा, आधार, बँकेचं पासबुक, होडीचे कागद असतील तर ते. सगळ्यांचे फोटो काढून दोन फोनमध्ये ठेवा.

चार, घर सोडायची वेळ आली तर कुणाकडे जायचं, आणि म्हातारं माणूस "मी नाही यायचो" म्हणालं तर त्याला कोण उठवणार. हे हसत हसत ठरवून टाका. ऐन वेळी हीच भांडणं होतात आणि मनात राहतात.

इशारा आल्यावर

इथे थोडक्यात सांगतो, कारण या वेळी आपण जितकं कमी करू तितकं चांगलं. हवामान खात्याचं पत्रक वादळाच्या काळात दर तीन तासांनी येतं. तेच वाचा, तेच कळवा. व्हॉट्सॲपवर फिरणारे उलट्या बोटींचे आणि उडत्या पत्र्यांचे व्हिडिओ गावी पाठवू नका. ते बहुतेक वेळा दुसऱ्याच देशातले असतात, आणि ज्याच्या डोक्यावर तसेच पत्रे आहेत त्याला त्यातून नवीन काहीच कळत नाही.

पहिला फोन

जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये संकटातल्या माणसांसाठी मानसिक प्रथमोपचाराची एक पुस्तिका काढली. तिचं सार तीन शब्दांत आहे: बघा, ऐका, जोडून द्या. यासाठी डॉक्टर असावं लागत नाही. फोनवरून बघता येत नाही, म्हणून त्याऐवजी विचारायचं. पण प्रश्न असे हवेत की ज्यांचं उत्तर देता येईल.

"कसं वाटतंय?" हा प्रश्न टाळा. त्याचं उत्तर "बरंय" एवढंच येतं. त्यापेक्षा विचारा: रात्री कुठे झोपलात? चूल पेटली का? पिण्याचं पाणी कुठून आणता? कौलं किती शाबूत आहेत? शेजारच्या घरचे कुठे आहेत? या प्रश्नांतून माणूस कुठे उभा आहे ते आपल्याला कळतं, आणि त्यालाही आपण काही हिशेब लावू शकतो हे जाणवतं.

जी वाक्यं जिभेवर येतात ती गिळायची. "जीव वाचला ना." "त्यांच्यापेक्षा तुमचं बरं." "देवाच्या मनात होतं." "तू खंबीर आहेस." आणि बडोदेकरांचं खास वाक्य: "इकडेच या ना सगळे कायमचे." ते प्रेमापोटी असतं, ठाऊक आहे. पण ज्याची वाडी कालच आडवी झाली त्याला आज ती सोडून ये म्हणणं म्हणजे शिल्लक अकरा पोफळींवरही पाणी सोडायला सांगणं.

वादळात काय झालं ते सविस्तर सांगायला भाग पाडू नका. आपण होऊन सांगितलं तर शेवटपर्यंत ऐका. एके काळी मदतपथकं लोकांना गोल बसवून प्रत्येकाकडून सगळं वदवून घेत. त्याने फायदा होत नाही, काहींना अपायच होतो, असं दिसून आल्यावर जागतिक आरोग्य संघटनाही आता ते करू नका असंच सांगते. शांतता पसरली तर पसरू द्या. माझी मामी एकदा सात-आठ मिनिटं नुसती फोन कानाला लावून बसली होती, मागे कुऱ्हाडीचा आवाज येत होता. शेवटी म्हणाली, "चल, ठेवते, बरं वाटलं."

तिसरा शब्द जोडून देण्याचा. फोन ठेवण्याआधी एक तरी ठोस काम आपल्याकडे घ्या: ताडपत्री, सोलरचा कंदील, विम्याचा अर्ज, मुंबईतल्या भाच्याला निरोप. आणि जे कबूल केलं ते करा.

पहिला महिना

कोकणातलं माणूस "मला नैराश्य आलंय" असं सहसा म्हणत नाही. ते म्हणतं, छातीत धडधडतं, डोकं जड आहे, अन्न गोड लागत नाही, हातपाय गळाल्यासारखे झालेत. वारा सुटला की दचकायला होतं, झोप तुटते, बारीकसारीक गोष्टींवरून भडका उडतो. पहिल्या काही आठवड्यांत यातलं बरंचसं साहजिक आहे आणि बहुतेकांचं आपोआप ओसरतं, विशेषतः डोक्यावर छप्पर, हाताला काम आणि शेजारी माणसं असतील तर. तसं त्यांना सांगाही: "एवढं झाल्यावर झोप न लागणं साहजिकच आहे." मी हे वाक्य मामाला म्हटलं तेव्हा त्याने विचारलं, "म्हणजे मी रत्नागिरीला न्यायच्या लायकीचा नाही ना?" रत्नागिरीला मनोरुग्णालय आहे, आणि त्याच्या पिढीला मनाचा दवाखाना म्हटलं की तेवढंच आठवतं. इकडे बडोद्यात मनोरुग्णालय कारेलीबागेत आहे, आणि आपणही तिचं नाव घेऊन चेष्टा करतोच. ती चेष्टा घरातून काढून टाकली तर निम्मी वाट सोपी होते.

झोप येत नाही म्हणून कुणाच्या तरी उरलेल्या झोपेच्या गोळ्या देणं, किंवा औषधाच्या दुकानातून तशाच आणणं, हे करू नका. सवय लागते, आणि मूळ त्रास तसाच राहतो.

मुलांचं थोडं वेगळं असतं. ती वादळाचा खेळ खेळतात. खुर्च्या पाडतात, "आलं, आलं" म्हणून पलंगाखाली शिरतात. बघणाऱ्याच्या पोटात कालवतं, पण ती त्यांची समजून घ्यायची रीत आहे, ओरडू नका. मोठं मूल पुन्हा अंथरूण ओलं करू लागलं किंवा आईला सोडेनासं झालं तरी रागवू नका. जेवणाची, झोपेची, शाळेची वेळ जितकी लवकर रुळावर येईल तितकं बरं. आणि त्यांना खरं काम द्या. मामाच्या नातवाला पडलेल्या सुपाऱ्या गोळा करून मोजायचं काम दिलं होतं. रोज रात्री तो आकडा फोनवर आम्हाला सांगायचा.

पंचनामा हे मनाचंच काम

मानसिक आरोग्याच्या लेखात तलाठी कशाला, असं वाटेल. पण मी पाहिलंय, वादळाने माणूस हलतो आणि कागदाने मोडतो. दूर राहून जे सगळ्यात जास्त करता येतं ते इथेच आहे.

पडलेली झाडं तोडण्याआधी प्रत्येक रांगेचे फोटो काढायला सांगा, ओळखीची खूण दिसेल असे: विहीर, गडगा, घराचा कोपरा. झाडं मोजून वहीत लिहा. त्या दिवसांत कोणकोण आलं, काय म्हणालं, तारीख, सगळं त्याच वहीत. अर्ज भरणं, तो टाइप करणं, पाठपुराव्याचे फोन, हे बडोद्यात बसून करता येतं. मामाचा अर्ज एका कार्यालयात दोनदा "सापडत नाही" झाला. तिसऱ्या वेळी पोचपावतीचा फोटो माझ्याकडे होता म्हणून सापडला.

हिशेबही आधीच समजावून सांगा, नाहीतर रक्कम हातात पडते तेव्हा दुसरं वादळ होतं. निसर्गनंतर बागांची भरपाई हेक्टरी १८,००० वरून ५०,००० रुपयांवर नेली गेली. ऐकायला मोठी वाटते. पण कोकणात बाग हेक्टरात कुठे असते, गुंठ्यांत असते. हेक्टरचे शंभर गुंठे, म्हणजे गुंठ्याला ५०० रुपये. पडलेलं झाड तोडून बाहेर काढायची मजुरीही त्यात भागत नव्हती.

आणि ज्यांच्या नावावर काहीच नाही, त्यांच्याकडे मुद्दाम लक्ष द्या. होडीच्या मालकाचा पंचनामा होतो. त्या होडीवरच्या खलाशाचा हंगाम बुडाला तर त्याचा कागद कुठे? वाडीत पाणी शिंपणारा गडी, पाटीत मासळी घेऊन फिरणारी कोळीण, जिचा बर्फाचा खोका आणि तराजू वाहून गेला, यांचं नुकसान कुणाच्याच वहीत नसतं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्या दोन महिन्यांची उसनवारी नव्या हंगामात फेडायची असते. हंगामाच्या तोंडावर जाळी गेली की कर्ज तिथेच गोठतं. पैसे पाठवायचे असतील तर नात्यातल्या घराबरोबर त्या घराच्या गड्यासाठीही पाठवा.

फोन थांबतात तेव्हा

पहिल्या पंधरवड्यात सगळे येतात. पुढारी, पथकं, तांदळाची पाकिटं. गणपतीपर्यंत फोन विरळ होतात, दिवाळीपर्यंत थांबतात. खरा कठीण काळ तिथून सुरू होतो. भरपाई आलेली किंवा नाकारलेली, वाडी ओसाड, आणि "अजून तेच काय घेऊन बसलात" असं घरातलेच म्हणू लागतात.

म्हणून वार ठरवा. आमचा रविवार, संध्याकाळी सात. काही बोलायचं नसलं तरी फोन करायचा. ठरलेल्या फोनमुळे बदल लक्षात येतो: आवाज खाली गेला, हिशेबाची वही बंद झाली, देवळात जाणं सोडलं, संध्याकाळची बाटली दुपारी उघडू लागली. दारूबद्दल एक लक्षात ठेवा. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केली तर हातपाय थरथरणं, भास, फिट, इथपर्यंत जाऊ शकतं. शपथ घालू नका, डॉक्टरकडे न्या.

महिना उलटूनही तीच दृश्यं डोळ्यांपुढे येत असतील, झोप नसेल, काम होत नसेल, किंवा दोन आठवडे सलग कशातच मन लागत नसेल, तर आता आपलं ऐकणं पुरेसं नाही. केंद्र सरकारची टेलिमानस ही सेवा आहे: १४४१६. फुकट, चोवीस तास, आणि भाषा निवडता येते, मराठीही, गुजरातीही. त्रास ज्याला आहे त्यानेच फोन केला पाहिजे असं नाही. "माझा मामा असा वागतोय, मी काय करू," हे विचारायलाही तो नंबर आहे, मी विचारलेलं आहे. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात सुरुवात करा, तिथून जिल्हा रुग्णालयात. रायगडसाठी ते अलिबागला. सोबत माणूस हवा. गाडीभाडं पाठवणं हाही उपचाराचाच भाग.

थेट विचारा

"माझं काय आता, सुटलो असतो तर बरं झालं असतं," असं कुणी म्हणालं तर विषय बदलू नका. सरळ विचारा: "जीव द्यायचा विचार मनात येतो का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, ही समजूत चुकीची आहे. उलट बोलायला वाट मिळते. हो म्हणाले तर घाबरून उपदेश सुरू करू नका. त्या रात्री त्यांना एकटं राहू देऊ नका, शेजाऱ्याला किंवा भावाला तिथे पाठवा, बागेत फवारायची औषधं आणि मोरचूद घरातून हलवून कुलपात ठेवायला सांगा, १४४१६ ला फोन लावा. धोका तोंडावर असेल तर ११२. "कुणाला सांगू नकोस" असं वचन मागितलं तर देऊ नका.

केळ लावा

पुढचं मला एका शेतकऱ्याने सांगितलं. पडलेल्या वाडीत नुसती पोफळीची रोपं लावली तर सात वर्षं वाट बघायची. त्या वाट बघण्यानेच माणूस खचतो. कोवळ्या पोफळीला सावली लागतेच, तिच्यामध्ये केळ लावतात. केळीचा घड साधारण वर्षभरात उतरतो. पोफळी नऊ-नऊ फुटांवर, मध्ये केळ, पुढे झाड उंच झालं की बुंध्यावर मिरीचा वेल. शेतीशास्त्र म्हणून हे जुनंच आहे. श्रीवर्धनला सुपारीचं संशोधन केंद्र आहे, तिथून श्रीवर्धनी जातीची रोपं आणि माहिती मिळते. पण मनाच्या दृष्टीने त्यात मोठी युक्ती आहे. रोज उठून जायला एक जागा, आणि वर्षाच्या आत हातात येईल असं काहीतरी. मामीने पहिला घड देवापुढे ठेवून आम्हाला व्हिडिओ कॉल केला. घड बारीकच होता.

ज्यांचं दुःख हळूहळू चाललंय, त्यांना अशी केळही लावता येत नाही. विहिरीचं पाणी मचूळ होत जातं, किनाऱ्यावरचं सुरूबन दर पावसाळ्यात दोन रांगांनी मागे सरतं, उधाणाचं पाणी आता बांध ओलांडून खाचरात येतं. याला तारीख नाही, म्हणून पंचनामा नाही, आणि "काय झालं" असं कुणी विचारत नाही. अशा माणसाला आपण विचारायचं. जमलं तर दरवर्षी एकाच जागेवरून, एकाच दिवशी, नारळी पौर्णिमेला म्हणा, एक फोटो काढून ठेवायला सांगा. ग्रामसभेत बोलताना उपयोगी पडतो, आणि "मलाच वाटतंय की काय" ही शंका जाते.

पुढचा ज्येष्ठ

वर्ष झालं, आभाळ भरलं, की जुनं सगळं वर येतं. जून उजाडण्याआधीच त्यांना तसं सांगून ठेवा, आणि शक्य असेल तर त्या आठवड्यात जा. माणगावपर्यंत रेल्वे, पुढे एसटी. सांत्वनाला जाऊ नका, कामाला जा. कौलं शेकारा, रोपं लावा.

मी गेलो तेव्हा तिसऱ्या रात्री वारा सुटला. मामा उठून ओटीवर बसला. मीही बसलो. तो एकेक आवाज सांगत होता: हा पत्र्याचा, हा माडाच्या झावळ्यांचा, हा समुद्राचा. कुठला आवाज बदलला तर उठायचं तेही सांगितलं. पहाटे आम्ही झोपलो.

२०२४ च्या ऑगस्टअखेर बडोद्यातली विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर गेली आणि अकोट्यात आमच्या तळमजल्यावर पाणी शिरलं. रस्त्यांवर मगरी आल्या, ते व्हिडिओ सगळ्यांनी पाहिले असतील, आम्हाला मात्र लोकांनी पाठवले. पाणी उतरल्यावर मी चिखलात उभा होतो, भिंतीकडे बघत. ओळखीच्यांचे फोन येत होते: माणसं सुखरूप ना, मग झालं तर. मग मामाचा आला.

"रेघ कुठवर आली?"

"देवघराच्या दुसऱ्या फळीपर्यंत."

"पट्टी धरून फोटो काढ. पुसू नको इतक्यात." मग जरा थांबून म्हणाला, "आता स्वयंपाकघराची सांग."